पट्टी हलतेय

पट्टीमामा माइक दुरुस्त करायचे आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. बोईसरच्या बाजारातल्या त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आपण ती लपवली आहे, असं फक्त मामांना वाटायचं.

नाव पडलं ते कामावरून. माइक बंद पडलेला टॅब आला की ते त्यात रेकॉर्डर सुरू करत, टॅब काउंटरवर आडवा ठेवत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "बोला काहीतरी." माणूस बोलला की पडद्यावरची हिरवी पट्टी वरखाली होते. मामांची नजर त्या पट्टीवर खिळलेली असे. "पट्टी हलली की माइक जिवंत," असं ते म्हणत. दुरुस्त केलेला टॅब परत आल्याचं मी कधी पाहिलं नाही.

माझं वर्तमानपत्राचं कार्यालय त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. चहाला मी खाली दुकानात जाई. मालक, तारापूरच्या एका कारखान्यातला एक ऑपरेटर आणि मी, असे तिघे बहुधा असू.

मामा मूळचे सांगलीकडचे. त्या ऑपरेटरच्याच कारखान्यात ते बावीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभे होते. कान तिथेच गेले. दरवर्षी कामगारांची कानतपासणी होई. कानांवर हेडफोन चढवायचा आणि आवाज आला की हात वर करायचा. मामा डॉक्टरच्या बोटाकडे बघत. बोट बटणावर गेलं की यांचा हात वर. अशी काही वर्षं निघाली. मग नवा डॉक्टर आला. तो पाठीमागे बसला.

"डॉक्टर बटन दबा रहा है, दबा रहा है," ऑपरेटर नक्कल करून सांगायचा, "और मामा ऐसे बैठे हैं जैसे फोटो खिंचवाने आए हों." मामा तेव्हा चार हातांवर मान खाली घालून टॅब उघडत असत. जुना सोबती हे कोणाला सांगणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. आम्ही हसायचो.

कारखान्यातली नोकरी गेली आणि मामा या दुकानात आले. साठीला टेकलेल्या माणसाला दुसरं काम मिळणार नव्हतं, आणि बहिऱ्याला माइकच्या कामावर कोणी ठेवत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी व्यवस्था लावली होती. तक्रार चिठ्ठीवर लिहून मागायची: "लिहून द्या, बोललेलं विसरतो मी." गिऱ्हाइकाला उजेडाकडे तोंड करून उभं करायचं म्हणजे ओठ दिसतात. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात, मामा नाही. रिकाम्या वेळी ते रेकॉर्डरसमोर बसून स्वतःशी बोलत आणि पट्टी मध्याच्या वर जाऊ देत नसत. त्यांनी आपला आवाज डोळ्यांनी बसवला होता.

कामात ते कडक होते. आधी कव्हर काढायचं. काचेवरचा कागद माइकच्या भोकावर आला आहे का ते बघायचं. टॅब बंद करून चालू करायचा. ॲपला माइकची परवानगी आहे का ते तपासायचं. मग मऊ ब्रश. स्क्रू सगळ्यात शेवटी. कोणी भोकात सुई घालायला निघाला तर ते त्याचा हात धरत. "सुई नको. आत पडदा असतो, तो एकदा फाटला की गेला."

मामांचे डोळे पट्टीवर असताना ते ओठ वाचू शकत नाहीत, हे पहिल्यांदा मालकाच्या ध्यानात आलं. "बोला काहीतरी," असं मामा म्हणाले की मालक गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून बोलू लागला. "बहिऱ्या, आज तरी आंघोळ केलीस का?" पट्टी हलायची. मामा म्हणायचे, "छान. अगदी स्पष्ट." त्यावर जास्त हशा. मग मामा रेकॉर्डिंग लावून टॅब गिऱ्हाइकाच्या कानाशी धरत. गिऱ्हाईक हसे. काम पसंत पडलं म्हणून मामाही हसत. पुढे लोक शिव्या देऊ लागले, आईबहिणीवरून, दोन भाषांत. एकदा माझ्या टॅबचा माइक गेला, तेव्हा मीही बोललो. मालकाने डोळा मारला आणि मी म्हणालो, "मामा, तुम्ही ठार बहिरे आहात, हे सगळ्या बोईसरला माहीत आहे." ते वाक्य फार गाजलं. पुढे मला ते पुन्हा म्हणायला लावत.

एका दुपारी किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक कोळीण लेकीचा टॅब घेऊन आली. चिठ्ठी लेकीनेच लिहून दिली होती: बोललेलं टाइप होत नाही. मामांनी कव्हर काढलं. माइकचं भोक कसल्याशा करड्या लेपाने बंद होतं. स्पीकरची जाळीही अर्धी बुजली होती.

"आमच्या घरधन्यांनी बुजवला," बाई म्हणाली. "खारी हवा आत जाल, म्हणून. होडीच्या फटी बुजवतात, त्याच लुकणान. मी बोलली, अवो, ही काय होडी हाय?"

मामांनी तिचे ओठ नीट वाचले आणि हसले. अर्धा तास ते लेप मऊ करून कणाकणाने काढत होते. तक्रार टाइप होण्याची होती, म्हणून त्यांनी रेकॉर्डर लावलाच नाही. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबलं आणि टॅबवर नजर ठेवून म्हणाले, "बोला काहीतरी."

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात मालकाने मला कोपर मारलं. मी माझं वाक्य म्हणालो.

पडद्यावर अक्षरं उमटली. एकही चूक नव्हती.

मामांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं असावं, कारण वेळ लागला. ऑपरेटर अजून हसत होता. मामांनी मान वर करून आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "अगदी स्पष्ट." मग त्यांनी एकेक अक्षर पुसलं आणि टॅब बाईच्या हातात दिला.

बाईने ते वाचलं होतं. "तुमी ते वरचे पेपरवाले ना?" तिने मला विचारलं. मी जिन्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मामा वेळेवर आले. "बोला काहीतरी," म्हणाले की आता लोक "हॅलो, हॅलो" म्हणत. दुकानात गंमत उरली नाही. आठवडाभरात मालकाच्या लक्षात आलं की बहिरा माणूस माइकच्या कामाचा नाही. त्याने तसं सांगितलं, उजेडाकडे तोंड करून, सावकाश. मामांनी आपला ब्रश खिशात घातला आणि गेले. ते गावी परतले, असं ऑपरेटर म्हणतो. मी चौकशी केलेली नाही.

त्यांच्या जागी आलेला माणूस सुई वापरतो.

माझ्या टॅबमध्ये त्याच्या दुरुस्तीच्या वेळचं रेकॉर्डिंग अजून आहे. त्यात माझं वाक्य आहे. मग आमचं हसणं येतं, तेव्हा पट्टी वर टेकते. मग मामांचा आवाज: "छान. अगदी स्पष्ट." तेवढ्यापुरती पट्टी मध्यावर येते, आणि त्याच्या वर जात नाही.