घायपाताची दोरी

शुभाताईंना सिंगापूरला मुलाकडे, रुचिरच्या जुरोंग ईस्टमधल्या फ्लॅटमध्ये, येऊन तीन महिने झाले होते आणि "आई, तुम्ही बसा" हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. रविवारी सगळे वाळवंटी बागेतल्या खडकांवर चढायला गेले, तेव्हाही सून मैत्रेयीने पायथ्याशीच त्यांच्यासाठी बाक हेरला.

चढण सुरू होते न होते तोच रुचिरच्या एका बुटाचा तळ गळून पडला. कॉलेजात सह्याद्री पालथा घातलेले ते बूट इथल्या दमट हवेत सहा वर्षं कपाटात पडून होते.

"झालं! चला परत," रुचिर चिडून म्हणाला.

"परत कशाला?" शुभाताई उठल्या. निवडुंगांपलीकडे माळी वाळकी पानं गाडीत भरत होता. त्यातलं तलवारीसारखं एक पान त्यांनी खुणेनंच मागून घेतलं. घायपात! माणदेशात त्यांच्या माहेरी बांधाबांधावर असायचं. त्यांनी ते दगडानं ठेचलं, धागे सोडवले आणि मांडीवर सरसर दोरी वळली. तळ बुटाला असा करकचून आवळला की रुचिर कळवळला.

"आज्जी, सो पॉवर लाह!" तिथल्या बोलीत "काय भारी!" म्हणत नात अश्लेषा नाचायलाच लागली.

आता बाकाकडे बघतंय कोण? पदर खोचून शुभाताई सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचल्या. खाली वळून पाहिलं, तर लेक अर्ध्या वाटेत धापा टाकत होता.

"रुचिर," त्या वरून ओरडल्या, "दमला असशील तर बस हो त्या बाकावर!"