नाईक निमगडे यांची पाच एकर

गुलाब निमगडे पंधरा वर्षं पलटणीत होते. नाईक होऊन घरी आले तेव्हा एकाहत्तरच्या लढाईतला लोखंडाचा तुकडा त्यांच्या गुडघ्यात तसाच होता. त्यांचे वडील मूल शहराजवळच्या आमच्या गावात जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबले. निमगड्यांच्या घरात कुणाच्या नावावर कधी शेत नव्हतं. माजी सैनिकांना सरकार जमीन देतं असं कळल्यावर गुलाबभाऊ माझ्याकडे आले. मी शाळेत मास्तर होतो. सहा वर्षं त्यांचे अर्ज मीच लिहिले.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी आदेश आला. मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून पाच एकर. त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, साऱ्या मोहल्ल्याला चहा पाजला.

दोघं नवरा-बायको एसटीनं गेले, तिथून तलाठ्यासोबत दोन कोस पायी. पोचले तर जमिनीवर धान उभं होतं, कापणीला आलेलं. पलीकडे झोपडी. तिच्यातून एक माडिया आदिवासी माणूस बाहेर आला, दसरू, आणि मागे त्याची बायको बुधरी. गुलाबभाऊंच्या अंगात पलटणीतला खाकी स्वेटर होता. दसरूनं तो पाहिला आणि कुणी काही बोलायच्या आतच हातातला विळा खाली ठेवला.

"हत्यार टाकणारे मी लढाईत पाह्यले मास्तर," गुलाबभाऊ नंतर मला म्हणाले, "पन याच्या हाती तं विळाच होता."

तलाठी म्हणाला, "हे अतिक्रमण हाय. नोटीस काढतो, महिनाभरात मोकळी करून देतो."

"मंग हे लोकं कुठी जातीन?"

"जंगलात. तिथूनच आले."

"आलो नाई," दसरू म्हणाला. "बापानं इथंच बांध घातले. बाप मेला, त्याच्या नावाचा दगडबी इथंच उभा हाय."

गुलाबभाऊंनी विचारलं, "मी नाई घेतली तं?"

"दुसऱ्याले जाईन. यादी लांब हाय. याच्या नावाचा तं कागदच नाई."

"मंग मी याले लिहून देतो."

"देता येत नाई, इकता येत नाई. तुमी सोता इथी राहून कसाल तवरिक पट्टा तुमचा. दोन वर्षांत नाई कसली तं रद्द."

परतीच्या एसटीत सत्यशीलाबाई रडल्या. "तुमच्या बापानं लोकाच्या बांधीत जीव सोडला. आपल्याले एक तुकडा भेटला तं तुमाले दया येऊन राह्यली." त्यांचं काही चूक नव्हतं.

जमीन बदलून मिळावी म्हणून मी आणखी दोन अर्ज लिहिले. दिलेली जमीन बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मुदतीत दीड वर्षही उरलं नाही तेव्हा, पंच्याऐंशीच्या पावसाळ्याआधी, गुलाबभाऊ एकटेच गेले आणि बांधाच्या टोकाला झोपडी घालून राहिले. दसरूला नोटीस काढू नका, असं त्यांनी तलाठ्याला सांगून ठेवलं.

पीकपाहणीला तलाठी येताना दिसला की दसरू नांगराची मूठ गुलाबभाऊंच्या हाती द्यायचा. तलाठी वळला की परत घ्यायचा. तेवढ्या वेळात चिखलात गुडघा सुजायचा. धान दसरूचं होतं. पहिल्या कापणीनंतर त्यानं दोन पोती यांच्या दाराशी आणून टाकली. गुलाबभाऊंनी ती लंगडत लंगडत परत नेली.

"मी काही वाटा घेनारा मालगुजार नोहो."

"मंग तू कोन?" दसरूनं विचारलं. माडियांच्या बोलीत अहो-जाहो नसतं, पण या प्रश्नात खरोखरच अदब नव्हती. हा माणूस एक दिवस जमीन घेणारच, याबद्दल त्याला शंका नव्हती. बुधरी बांधावर पेज ठेवून जायची, झोपडीपर्यंत कधी आली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या कापणीला सत्यशीलाबाई तिकडे गेल्या. "घरी चला जी," त्या म्हणाल्या.

"मी गेलो तं पट्टा जाईन. मंग याहीले उठवतीन."

"अन मी?"

गुलाबभाऊंनी त्यांची पिशवी झोपडीत नेऊन ठेवली. मग म्हणाले, "पलटणीत कितीबी खराब चौकी असो, बदली यायची. दुसरा येऊन उभा राहे, आपन निंगून जाव. इथी कोन येनार, सांग."

त्या तीन दिवस राहिल्या. बुधरीच्या शेजारी बसून धान कापलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चौथ्या दिवशी त्या एसटीसाठी निघाल्या, आणि गुलाबभाऊ नाल्यापर्यंत पोचवायला गेले. "पुढच्या महिन्यात येतो," असं त्यांनी सांगितलं. गेले नाहीत. तलाठी कोणत्या दिवशी येईल, याचा नेम नव्हता.

पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. दाढी पांढरी झाली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात दसरू दाराशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, कागदात काय लिवलं? हा मेला तं?"

मी गुलाबभाऊंकडे पाहिलं. वाचा, अशी त्यांनी मान हलवली. मी आदेश काढला आणि अटी वाचल्या. कसणारा राहिला नाही की जमीन सरकारजमा. दोनदा समजावून सांगावं लागलं.

दसरूनं ते ऐकून घेतलं. मग गुलाबभाऊंकडे वळून, बैलाला दटावावं तशा आवाजात म्हणाला, "तू मरू नको."

"बरं," गुलाबभाऊ म्हणाले. वरच्या अंगाला बांध फुटला होता. कुदळ घेऊन ते दसरूच्या मागं गेले.