चार नंबरच्या बाटलीतलं पाणी

फेब्रुवारीचा दुसरा सोमवार. पंचवीसपैकी सहा गुण. दौंडला कॉलेजात रसायनशास्त्राच्या खोलीत आम्ही चौघं होतो: विषयाचे सर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी, तिच्या वर्गातली एक मुलगी आणि मी. सहा म्हणजे नापास, आणि प्रकल्पात नापास म्हणजे सहामाही अडकली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भांडायलाच गेलो होतो.

प्रकल्प साधा होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पाच बोअरचं पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचं आहे ते मोजायचं आणि बत्तीस पानांचा अहवाल लिहायचा. तो आधी वर्गातल्या तिघांनी वाचून अभिप्रायाचा कागद भरायचा, मग सरांनी तपासायचं. पोरांचं आपसांत ठरलेलं असतं, तू माझ्यावर छान लिही, मी तुझ्यावर छान लिहितो. दोघांनी तसंच लिहिलं होतं. त्यातल्या एकानं पानंही उलटली नसावीत, कारण 'वनस्पतींची माहिती छान' असा त्याचा शेरा होता.

तिसरा कागद समोर बसलेल्या मुलीचा. पाठपोट भरलेला. 'नमुना चार केंदूरकडचा दाखवला आहे. आमची वस्ती तिथून जवळ. आमच्याकडे बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. मग जडपणा एकशे चाळीसच कसा? बाटली कोणी भरली, कधी भरली, आधी किती वेळ पाणी सोडलं?'

त्याखाली सरांचे लाल शाईतले दोन शब्द: 'आकडे बनावट.'

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. ट्रॉलीचं एक चाक पाट्याबाहेर असलं तरी मी वजन धरत नाही. माझ्या मुलीला बनावट म्हटलेलं मला सहन होईना.

"सर, तिनं बत्तीस पानं लिहिली. तुम्ही दोन शब्द. बनावट कशावरून, ते कुठंय?"

"अहो, एकशे दहा अहवाल आहेत माझ्याकडे. प्रत्येकावर निबंध लिहीत बसू?"

"मग तुमचा पगार या समोरच्या पोरीला द्या. तिनं लिहिलाय निबंध."

सरांचे कान लाल झाले. ती पोरगी मात्र घाबरली नाही. "काका, मी बनावट म्हटलंच नाही. मी विचारलं. बाटली कोणी भरली?"

"मी. जानेवारीच्या पहिल्या रविवारी."

"त्या रविवारी आमच्या फीडरला दिवसा लाईट नव्हती. मोटर कशी चालू केली?"

"होती लाईट," मी म्हणालो. "मोटर चालू करूनच भरली."

हे खोटं होतं. त्या दिवशी केंदूरकडे मेव्हण्यांच्या शेतावर मी दुपारी पोचलो तर मोटर बंद. मेव्हणे म्हणाले, "दाजी, लाईट आता रातच्यालाच. टाकीतनं भरा की. पाणी म्हंजी पाणी, त्याच्यावर काय शिक्का असतोय व्हय?" टाकी आदल्या दिवशी टँकरनं भरलेली. ते मला माहीत होतं. तरी बाटली भरली, वर 'बोअर' अशी चिठ्ठी चिकटवली आणि उजेडात घरी आलो.

सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नवीन नमुना आणून मोजा. नाहीतर सहाच राहतील."

गाडीपाशी आल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, मी मामाला शनिवारीच फोन केला होता. टाकीचं कळलंय मला."

"मग आत तोंड का नाही उघडलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

माझा पारा चढला. "नवीन बाटली आणतो. जुनं पान काढून टाक. कुणाला कळणार नाही."

"अभिप्रायाच्या कागदावर खाली उत्तराची जागा आहे. तिनं विचारलंय, मी खरं लिहिणार."

"बापाला खोटं पाडणार?"

"नाव नाही लिहीत. 'वडील' लिहिते."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिची आई जेवायला वाढायची आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायची. बुधवारी मेव्हण्यांच्या वस्तीवर लाईटची दिवसाची पाळी होती. मी सकाळी सातला जाऊन बसलो. लाईट पावणेदहाला आली. दहा मिनिटं पाणी सोडलं, मग बाटली भरली. आकडा आला सातशे साठ.

तिनं उत्तर लिहिलं: 'नमुना चार वडिलांनी बोअरऐवजी टाकीतून भरला होता. टाकीत टँकरचं पाणी होतं. आकडा बरोबर होता, बाटलीवरची चिठ्ठी चुकीची होती. प्रश्न विचारल्याबद्दल आभार.' मी ते चार वेळा वाचलं. खोडायला एक शब्द सापडला नाही.

सरांनी सतरा गुण दिले. का सतरा, वीस का नाहीत, ते काही लिहिलं नाही. मला ते सर आजही आवडत नाहीत. ती पोरगी फाटकात भेटली, म्हणाली, "काका, आता चार नंबरला फेस येत नाही ना?" मी हसलो नाही.

तक्ता बदलला, सरासरी बदलली, पानं सरकली. सगळा अहवाल नव्यानं छापावा लागला. बत्तीस पानांचे दोनप्रमाणे चौसष्ट आणि बाइंडिंगचे चाळीस, असे एकशे चार रुपये कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला मी दिले.