वाहते म्हणून फ्लुस

आमचं रान कळंबला, कॅनॉलच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटलं तरी आमच्यापर्यंत पाणी पोचेल याचा भरवसा नाही. धार बारीक झाली की मी चारीच्या कडेनं वर चालत जातो आणि मध्येच कुणी फोडलीय ते हुडकतो. दर वेळी कुणीतरी पाणीचोर सापडतोच. बायको म्हणते, संशय घ्यायचा तुमचा स्वभावच आहे. मी त्याला शेती म्हणतो.

मुलीचं नर्सिंग झालं आणि ती बारामतीत जर्मन शिकायला लागली. भाषा आली की तिकडच्या दवाखान्यात नोकरी मिळते म्हणे. म्हणे! असल्या गोड बोलण्याला भुलून पोरं कशी फसतात, ते आपण ऐकतोच. एका संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखं केलं, "नदीला काय म्हणत्यात त्यांच्यात?"

"फ्लुस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता थेट क्लासवर जाऊन थडकलो. शिकवणाऱ्या बाईंना तोच प्रश्न टाकला.

"फ्लुस," बाई म्हणाल्या.

दोघींचं आधीच ठरलेलं असेल. मी आणखी खोदलं, "पर असं का म्हणत्यात?"

"फ्लीसन म्हणजे वाहणं. वाहते म्हणून फ्लुस."

"आमची नीरा उन्हाळ्यात बंधाऱ्याला अडून हुबी ऱ्हाती. मग ती फ्लुस न्हाय व्हय?"

मला वाटलं, आता अडकल्या. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "तरी फ्लुसच. कुणी अडवलं म्हणून तिचं वाहणं संपत नाही, काका. आपलं तरी काय, नाद करते ती नदी. अडवलेलं पाणी कुठं नाद करतं? तरी आपण नदीच म्हणतो ना?"

फळाभर त्यांची अक्षरं होती, पोरंपोरी, त्यांत माझी मुलगीही, माना खाली घालून ती उतरवून घेत होती. खोट काढायला आलो होतो, ती कुठं दिसेना. आणि तेव्हाच मला कळलं. क्लास खोटा निघावा असंच मला मनातून वाटत होतं. खरा असेल तर पोरगी खरंच जाणार.

परत येताना ती गाडीवर माझ्या मागं बसली होती. पुढं वाकून म्हणाली, "काय आबा, सापडला का चोर?"

"व्हय. ह्या बारीला टेललाच हुता," मी म्हणालो. "पासपोर्टला कवा जायचं, तेवढं सांग."