टर्बोची तक्रार साहेबांकडे

आमच्या गाडीचा दम तुटायचा तो नेमका तीन हजारांच्या वर. आरपीएमचा काटा तीन हजारांपर्यंत असला की ती गुणी सुनेसारखी चालायची. त्याच्या पुढे, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की बॉनेटखालून फुस्स असा आवाज यायचा, आरशात काळा धूर दिसायचा आणि ओढ एकदम नाहीशी व्हायची. गाडी डिझेलची, टर्बोवाली आणि चांगलीच जुनी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. बाकीचं मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकले, कारण समोरासमोर मला सांगायला कोणी तयार नव्हतं.

गाडी मी चालवते. हे मुद्दाम सांगावं लागतं. आमचे मिस्टर एकदा शिकायला गेले होते. कारध्याच्या पुलावर समोरून ट्रक आला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर बसतात आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत राहतात. माणूस शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण गाडीच्या बाबतीत भंडाऱ्यापासून लाखनीपर्यंत सगळे त्यांनाच विचारतात.

कारध्याच्या मेकॅनिककडे गेलो तेव्हाही तसंच झालं. मी सगळी लक्षणं नीट सांगितली. त्याने हात पुसत ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून मिस्टरांना विचारलं की साहेब, पिकअप कमी वाटतो काय. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. ते उत्तर त्याने साहेबांच्या खात्यावर जमा केलं.

मग त्याने गाडी जागेवरच रेस केली. काटा चार हजारांवर गेला, ना फुस्स ना धूर. उभ्या गाडीत इंजिनाला ओढायला काही नसतं, त्यामुळे टर्बोचा खरा दाब तयारच होत नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने डिझेल फिल्टर बदलला. फरक पडला नाही तेव्हा डिझेलमध्ये भेसळ निघाली, म्हणजे त्याच्या मते. नंतर तो मिस्टरांना शेजारी बसवून स्वतः एक चक्कर मारून आला. रिकामी गाडी, त्यात मिस्टर सारखे हळू हळू म्हणत असणार, काटा वर जाणार कसा? परत येऊन त्याने निदान केलं ते माझं.

“साहेब, म्याडम गिअर लय उशिरा बदलवते. काटा वर जाऊच देऊ नका म्हणा, काहीच होत नाही.”

म्हणजे जिथे दुखतं तिथे जायचंच नाही, हा उपचार. मला असा संताप आला की मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताणत घरी आणली असती, पण ते त्याच्या म्हणण्याला पुरावा झालं असतं.

एवढ्यात माझ्या दिरांनी गिऱ्हाईक शोधलं. घरात कोणतीही वस्तू कुरकुरली की भाऊजींना ती विकायची असते. गाडी गेली तर काय होईल ते त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. वहिनीले कायले पाहिजे गाडी, मी आहो न, जिथं म्हणाल तिथं सोडून देतो, असं ते मोठ्या मनाने म्हणाले. भाऊजी सोडून देतात म्हणजे त्यांना सवड झाली की. मागे एकदा मी दसऱ्याला म्हटलं होतं, ते तुळशीच्या लग्नानंतर उगवले.

माझी आई पवनीच्या पुढे एका खेड्यात एकटी राहते. दर शनिवारी मी जाते. तिचं डोकं धुऊन देते, आठवड्याच्या गोळ्या लावून ठेवते, आणि दिवसभर आम्ही दोघी मिळून गावातल्या सगळ्यांची मापं काढतो. बसने गेलं तर पवनीला उतरून पुढे ऑटो भरेपर्यंत बसावं लागतं आणि पोचल्यावर लगेच परतीचं पाहावं लागतं. गाडी गेली असती तर आईचे शनिवार भाऊजींच्या सवडीवर गेले असते. मला ते नको होतं.

म्हणून मी सगळ्यांना गाडीत बसवायचं ठरवलं. बिघाड वजनावरच दिसतो, तर वजन भरू. डिकीत धानाचे दोन कट्टे, म्हणजे पोती, टाकले. भाऊजी लगेच तयार झाले, कारण गाडी निकामी आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मेकॅनिक तयार झाला, कारण गाडीत काही नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं. भाऊजींचा एक मित्र आला, त्याला काही काम नव्हतं. मिस्टर सवयीने पुढे बसले. मी त्यांना मागे पाठवलं आणि मेकॅनिकला शेजारी घेतलं, तर सगळ्यांना ते जरा अवघडच वाटलं. अशी ती कट्ट्यांनी आणि मतांनी भरलेली गाडी मी लाखनीच्या दिशेने हायवेवर काढली.

पुढे तांदळाचा ट्रक होता. मी तिसऱ्यात बाजूने काढली आणि पाय पूर्ण दाबला. काटा तीन हजार ओलांडून गेला. फुस्स. ओढ गेली. ट्रकचं मागचं चाक माझ्या शेजारी होतं, ते तिथेच राहिलं. मागून भाऊजी दाबा, दाबा म्हणू लागले. मी म्हटलं, पूर्ण दाबलाय. ट्रकवाल्याने खिडकीतून खाली पाहिलं, बाईला पाहिलं, त्याला सगळं कळलं आणि तो हसला. मी निमूट त्याच्या मागे आले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मेकॅनिकने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. बॉनेट उघडलं. टर्बोकडून निघणारी दाबाची हवा एका जाड रबरी पाइपातून पुढे जाते. त्याने त्या पाइपाच्या खालच्या अंगाने हात फिरवला, तर बोटं तेलाने काळी झाली. पाइप मुरगळला तशी खालची लांब चीर उघडली. एरवी ती मिटलेली असायची, दाब वाढला की तिचं तोंड उघडायचं आणि हवा बाहेर. त्याने फडक्याला हात पुसले. मग वळला तो मिस्टरांकडे.

“तुमचं म्हणणं बराबर होतं साहेब. लोडवरच चीर उघडून राहिली होती.”

मिस्टर जाऊन मागच्या सीटवर बसले.

नवा पाइप बसला आणि गाडी अशी पळायला लागली की भाऊजींचा उत्साह दुणावला. निकामी गाडी विकायची होती ती आता चांगली झाली म्हणून विकायची होती. रविवारी गिऱ्हाईक घरी आलं. भाऊजी त्याला फिरवून आणल्यावर साहेबांनी बिघाड कसा पकडला तेही सांगत होते. चहा झाला. गिऱ्हाइकाने गाडीचं कौतुक केलं आणि मिस्टरांना विचारलं की साहेब, मग देता काय. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. मी ट्रे धरून दारात उभी होते.

मिस्टरांनी कप खाली ठेवला.

“मले काय विचारता? मले गाडीतलं काहीच समजत नाही. बिघाड तिनं पकडला. तिले विचारा.”

भाऊजींची मान खाली गेली, जणू घरातली काही लाजिरवाणी गोष्ट बाहेर पडली होती. गिऱ्हाईक नाइलाजाने माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, “नाही देत.”

ते उठलं. फाटकापाशी त्याने मिस्टरांना हळूच सांगितलं की म्याडमचं मन बदललं तर कळवा.

रात्री जेवताना मी त्यांना विचारलं की आज चार लोकांत माझी बाजू कशी काय घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडलं होतं. ते गोंधळून पाहू लागले. म्हणाले, बाजू कुठं घेतली, खरंच समजत नाही न मले.

शनिवारी मी त्यांनाही आईकडे घेऊन गेले. ट्रक ओलांडताना त्यांनी डोळे मिटून घेतले.