देवापुढून उचललेला पाना

आधीच सांगते, मी घाबरट बाई नव्हे. दृष्ट लागू नये म्हणून शेजारणीनं आमच्या दारात टांगलेलं लिंबू काढून मी त्याचं सरबत करून प्यालेली आहे. करणी, भुतंखेतं, अंगात येणं... असलं काही कुणी सांगू लागलं की मला हसू आवरायचं नाही. तेव्हा या सदरात आपणच कधी लिहू, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण जे घडलं ते घडलं. विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, नुसतं ऐका.

आम्ही तंजावरकडचे मराठी. बाहेर तमिळ आणि घरात मराठी — तीही अशी जुनी की पुण्याचा पाहुणा ऐकून गालातल्या गालात हसतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या बाजूला आम्ही भाड्यानं राहत होतो. घर अरुंद आणि लांबट. मधोमध मोकळा चौक, त्याला इथं मुट्रम म्हणतात. घरात माणसं तीनच — मी, माझे यजमान आणि अत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

हे शेतावरचे पंप विकायचे. खेडोपाडी हिंडावं लागे, म्हणून मद्रासहून एक जुनी ब्रिटिश मोटरसायकल आणली होती. माझी सवतच म्हणा ना. तिला रोज पुसणार, तिच्याशी बोलणार. माझ्याशी बोलायला मात्र वेळ नाही. आणि ती सवत गळकी निघाली. चेन जिथून निघते त्या चक्रामागचं ऑइल सील गेलं होतं. तेल चेनवर पडायचं आणि चेनवरून मागच्या टायरवर. त्यापायी हे एकदा स्वामीमलैच्या रस्त्यावर घसरले, कोपर सोलून घरी आले. तेव्हा मला सातवा महिना होता. इथल्या पद्धतीप्रमाणे नुकत्याच बांगड्या भरल्या होत्या, दोन्ही हात हिरव्या काचेनं गच्च भरलेले. मी त्यांना सरळ म्हटलं, "सील बदलल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही. मला हे मूल बापाच्या मांडीवर वाढवायचंय."

मद्रासहून नवं सील आलं, ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. पणजोबांची एक बोथट तलवार होती, ती पाटावर मांडायची, तिच्याशेजारी विळी, कात्री आणि ह्यांचे सगळे पाने. सगळ्यांना चंदन-कुंकू लावायचं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. साऱ्या गावात हीच रीत. त्या दिवशी कुंभकोणमात साधा स्क्रू पिळणारा माणूस मिळायचा नाही.

पण ह्यांना दम कुठला निघायला? जेवणं झाली, अत्याबाई शेजारच्या गल्लीत कुणाकडे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायला गेल्या, आणि ह्यांनी मुट्रममध्ये गाडी स्टँडवर चढवली. चेनचं कव्हर आधीच सैल करून ठेवलं होतं. चेन उतरवली. आता चक्राचा मोठा नट काढायचा, तर त्याला लागणारा पाना देवापुढे.

"अगं, तेवढा मोठा पाना आण. आई यायच्या आत परत ठेवू."

"मी नाही हात लावायची. तुम्हीच आणा."

"माझे हात तेलाचे आहेत. देवाला तेल लावू का?"

असं बोलण्यात हे कुणाला हार जायचे नाहीत. पण मी उठले नाही, तेव्हा हात पुसून पुटपुटत गेले आणि पाना आणून माझ्याकडे दिला. सकाळचं चंदन केव्हाच वाळायला हवं होतं, पण हवा इतकी दमट होती की ते अजून ओलंच होतं, माझ्या बोटांना लागलं. हे गाडीच्या पलीकडे गोणपाटावर बसलेले. मी अलीकडे पाटावर, मांडीवर सूप, तांदूळ निवडत होते. मधे इंजिन, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. काही हवं असलं की इंजिनाखालून ह्यांचा हात यायचा आणि मी त्यात वस्तू ठेवायची. पाना मी मांडीजवळ ठेवला.

थोड्या वेळानं हात आला. मी तांदळावरची नजर न काढता पाना त्या हातात दिला. हातानं तो धरला आणि मागे गेला. तेवढ्यात माझी नजर पडली... उजवा हात, तेलानं काळा, आणि करंगळी वरच्या पेरातून तुटलेली. जखम ताजी नव्हती, चांगली जुनी, टोक भरून गुळगुळीत झालेलं.

मला वाटलं, बोट दुमडलं असेल. "बोटाला काय झालं हो?" मी विचारलं.

उत्तर मागून आलं. स्वयंपाकघराच्या दारातून. "कुणाच्या बोटाला?" हे दारात उभे होते, हातात वाटी. नवं सील कातड्याचं, ते कोमट तेलात भिजवायला आत गेले होते आणि मला कळलंच नव्हतं. वाटी धरलेली त्यांची पाचही बोटं मला लख्ख दिसत होती.

मी उठून पलीकडे पाहिलं. गोणपाट रिकामं. पाना नाही. पुढचं दार आतून बंद, कडी लावलेली. पोटातलं मूल गर्रकन फिरलं आणि मी तिथंच खाली बसले.

ह्यांना ते खरंच वाटेना. पूजेच्या दिवशी काम करू नये म्हणून मी पाना लपवला, असा त्यांचा ठाम समज. सगळं घर धुंडाळलं, विहिरीत वाकून पाहिलं. पाना गेला तो गेलाच. दुसरा मागायला जावं, तर त्या दिवशी कोण देणार? गाडी तशीच उघडी राहिली.

अत्याबाईंपासून लपणार कसं? पाटावर पान्याची जागा रिकामी होती. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. हळूच म्हणाल्या, "ही गाडी पूर्वी कोणाची होती, ठाऊक आहे? तो आपली वस्तू मागावयास आला. आणि तू स्वहस्ते दिलीस. आज पाना नेला, उद्या गाडी मागेल. मग गाडीवरचा माणूस."

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. दसऱ्याला ह्यांनी कुणाचा तरी पाना आणून सील बसवलं, तेल थांबलं, गाडी पुन्हा धावू लागली. मी गाडी विका म्हणून रडले, भांडले, एक दिवस अबोला धरला. "तुझ्या तुटक्या बोटाच्या पाहुण्याला माझा नमस्कार सांग," म्हणून हसायचे आणि किक मारायचे. फटफट आवाज लांब जाईपर्यंत मी दारात उभी. संध्याकाळी तो आवाज परत येईपर्यंत मला घास जायचा नाही.

बाळंतपणाला मी पापनाशमला माहेरी गेले. मुलगी झाली. भरलेल्या बांगड्या रीतीप्रमाणे सुईणीला देऊन टाकल्या. बारसं झाल्यावर लेकीला घेऊन परत आले, तर ह्यांचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मी नसताना एकदा गाडी स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, हे फिरती चेन फडक्यानं पुसत होते. चेननं फडकं ओढलं, फडक्याबरोबर बोट. मी बाळंतीण म्हणून मला कळवलं नव्हतं. करंगळी, वरच्या पेरातून.

तो पाहुणाबिहुणा कुणी नव्हताच. तो हात ह्यांचाच होता. बोट शाबूत असताना, काही महिने आधी, मी तो पाहिला होता.

पुढं जखम चिघळली. ताप चढला. डॉक्टरांनी तोंड पाडलं, अत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले. घरात मी एकटी शांत होते. मी ते बोट भरलेलं पाहिलं होतं ना! मनाशी म्हणायची, तो हात यायचाय अजून. पाना घ्यायला यायचाय. तोवर ह्यांना काही होत नाही. आणि झालंही तसंच, ताप उतरला, बोट भरलं. हे पुन्हा गाडीवर जाऊ लागले तेव्हा मी दारात उभी राहणं सोडलं. दोन घास पोटभर खाऊ लागले.

मुलगी रांगायला लागली त्या उन्हाळ्यात ते सील पुन्हा गळू लागलं. एके सकाळी, चांगलं ऊन पडलेलं, ह्यांनी मुट्रममध्ये गाडी उघडली. मी मागच्या अंगणात विहिरीपाशी लेकीचे कपडे धूत होते, दोन्ही हात बादलीत. आतून हाक आली, "अगं, पाना सापडला म्हणून सांगायचं तरी! कुठं होता?"

माझ्या हातून कपडा सुटला. मी दारात गेले. हे गोणपाटावर बसलेले, हातात तो मोठा पाना.

"कुणी दिला?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच ना. आत्ता हात पुढं केला, तर दिलास. नवीन बांगड्या घेतल्यास का? हिरव्या? बघितल्या मी."

माझ्या हातात तेव्हा लाल काचेच्या दोन-दोन होत्या. मी ओले हात त्यांच्यापुढे धरले. ते बघत राहिले. मग त्यांनी पान्याकडे पाहिलं. त्यावर चंदन होतं, वर कुंकवाचं बोट. मी हात लावून पाहिला — चंदन ओलं होतं.

पहिल्यांदाच ह्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मस्करीही केली नाही.

आणि मला रडू फुटलं, ते त्यांना कळेना. पाना सापडला, तर रडतेस काय म्हणून? कसं सांगू त्यांना... इतके दिवस मला एवढाच आधार होता, की तो हात अजून यायचाय, तोवर हे जगणार. आता हात येऊन गेला होता. यापुढचं मी काहीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले, आणि मी पुन्हा दारात जाऊन उभी राहिले. पुढं बरीच वर्षं हे जगले, आणि गेले तेही अंथरुणावर, माझ्या हातचं पाणी पिऊन. त्यातल्या एकाही संध्याकाळी फटफट आवाज येईपर्यंत मी जेवले नाही. हे काय होतं, का होतं, ते मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. माझी मुलगी शिकलेली आहे, ती म्हणते भास असेल. असेल. पण पाना माझ्या कपाटात आहे आणि तो भास नाही. आजही कुणी न बघता हात पुढं केला, तर मी वस्तू हातात देत नाही. खाली ठेवते.