मिस्त्रीच्या आवाजात बसवलेली पुली

आमच्या घरात गाडीचं बॉनेट उघडायचं असलं तर आधी मिस्त्रीला इचारावं लागतं. हा आबाचा कायदा. आबा म्हंजे माझा बाप. शेळ्या-मेंढ्या राखून आन् थोडं शेत करून त्यानं एका मास्तरची जुनी पेट्रोल गाडी घेतली आन् पयल्या दिवसापासून ती मिस्त्रीच्या हवाली केली. मिस्त्रीचं गॅरेज लिंबागणेशच्या रस्त्याला, आमच्या वाडीपासून आठ किलोमीटर. दोघांची वळख वीस वर्सांची, आबाकडं मोटारसायकल व्हती तवापासूनची.

मला आवाज काढायचा नाद. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, निवडणुकीत माइकला चिकटून बसलेला पुढारी, सगळे माझ्या घशात राहत्यात. पण लोकांची खरी फर्माईश मिस्त्रीची. बोलायच्या आधी तो नाकातनं ‘हंऽ’ करतो, मग घसा खाकरतो, आन् दर दुसऱ्या वाक्याला ‘काय म्हनतो मी’ लावतो. एकदा त्याच्या गॅरेजमधीच, त्याच्याच म्होरं, मी त्याचा आवाज काढला. सगळ्यात जास्ती तोच हसला. हातातला पाना पडला त्याच्या. नंतर गिऱ्हाईक आलं की मलाच म्हनायचा, “ह्यांला दाव रं, मी कसा बोलतो.” आबाम्होरं मातर मी कधी कुणाचा आवाज काढला न्हाई.

तर पुलीचं खूळ माझ्या डोक्यात मोबाईलवरच्या व्हिडिओनं घातलं. इंजिनला एका बाजूला मोठी पुली असती. तिच्यावरनं पट्टा जातो, आन् तो पट्टा डायनमो, पाण्याचा पंप आन् एसी फिरवतो. ही पुली जरा बारकी बसवली की बाकीची मंडळी हळू फिरत्यात, इंजिनवरचं ओझं कमी व्हतं आन् गाडी पळती. अंडरड्राइव्ह पुली म्हनत्यात तिला. बीडच्या लेथवाल्याकडनं मी ॲल्युमिनियमची पुली करून आणली. चकचकीत. उशाला घेऊन झोपलो दोन दिवस.

आबाला इचारलं. आबा म्हनला, “मिस्त्रीला इचार.”

मिस्त्री काय म्हनला असता ते मला पक्कं ठाऊक व्हतं. म्हनून मी त्याला इचारलंच न्हाई. दोस्ताचा फोन घेतला, बाभळीच्या आड गेलो आन् माळावर मेंढ्यांमागं फिरणाऱ्या आबाला लावला.

“हंऽ... मालक, मी मिस्त्री. माझा फोन चार्जिंगला हाय, दुसऱ्याचा घेतला. पोरगं त्या पुलीचं म्हनतंय ना, चांगली चीज हाय ती. काय म्हनतो मी, बसवू द्या त्याला घरीच.”

तिकडून वाऱ्याचा आवाज आला, मग आबाचा. “तू म्हनतोस तर बसवू दे. मला त्यातलं काय कळतंय?”

दोस्त तोंडात रुमाल कोंबून हसत व्हता. मी बी हसलो. तवा मला फक्त माझा आवाज किती बरोब्बर लागला एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात काम काढलं. मागच्या चाकांना दगडं लावली, पुढचं उजवं चाक काढलं. डायनमोचा नट ढिला केला, पट्टा निघाला. पुलीचा बोल्ट मातर हटंना. गाडी पाचव्या गिअरात टाकली, दोस्ताला ब्रेकवर उभा केला, पान्याला पाण्याचा लोखंडी पाइप अडकवला आन् त्याच्यावर लोंबकळलो. ‘कट्ट’ झालं आन् मी शेळीच्या दावणीत. शेळीनं असं बघितलं, जसं मी तिचाच पाला खायला आलोय. नवी पुली बसली, आखूड पट्टा बसला, बोल्ट आवळला. गाडी चालू केली तर इंजिन हलकं हलकं वाजत व्हतं. माय बघायला आली, तिला म्हनलं, “बघ, आता उडतं इमान झालं.”

आठवडाभर मी गावात छाती काढून फिरलो. मग आबा मायला डोळे दाखवायला अंबाजोगाईला निघाला. लई दिवसांनी मोठ्या डॉक्टरचा नंबर मिळाला व्हता. मी मागच्या शिटवर. मांजरसुंब्याला आबाला एक शेळ्यांचा व्यापारी भेटला. दोघं ढाब्यावर चहाला बसले. ऊन लई, म्हनून आबानं गाडी आन् एसी चालूच ठिवला, मायला उकडू नये म्हनून. अर्ध्या तासानं एसी गरम वारा फेकाया लागला, काटा लालमधी गेला आन् गाडी बंद पडली. परत सेल मारला तर नुसतं टिक टिक.

मला कळलं. उभ्या गाडीत डायनमो आन् पाण्याचा पंप पार रेंगाळत व्हते, बॅटरी तर एसीचा पंखाच खात व्हता. व्हिडिओत खाली बारीक अक्षरात लिव्हलेलं व्हतं ते. मी वाचलेलं बी व्हतं.

इंजिन थंड करून, पाणी भरून, एका ट्रकवाल्याच्या बॅटरीवर गाडी चालू झाली तवर दुपार सरली. ट्रकवाला आबाला म्हनला, ही बारकी पुली नडली. दवाखान्यात पोचलो तर मायचा नंबर निघून गेलता. माय म्हनली, “जाऊ द्या, दिसतंय मला अजून.”  येताना आबा तोंडातल्या तोंडात एकदाच म्हनला, “मिस्त्रीनं कशापायी बसवू दिली?”

सकाळी थेट गॅरेज. बाकड्यावर सात-आठ लोक चहा पीत व्हते. आबानं उतरताच सुरू केलं. “तूच फोन केलतास ना, बसवू द्या म्हनून?”

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. “म्या? न्हाई बा, मालक. म्या कुटं फोन केला?”

“वीस वर्सं ऐकतोय तुला. तुझा आवाज वळखीत न्हाई का मी? चूक झाली म्हन, सोडून देतो. पण खोटं बोलू नको.”

“मायची आन, मालक, म्या...” एवढं म्हनून मिस्त्री थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बॉनेटकडं बघत व्हतो. त्याला कळलं, हे मला न बघता कळलं. म्हनलं, आता हा सांगतो. आता सांगतो आन् आबा मला ह्या सात-आठ जणांत तुडवतो.

मिस्त्रीनं घसा खाकरला. “केला असंल, मालक. ध्यानात ऱ्हायलं नसंल.”

“बघा,” आबा बाकड्याकडं वळून म्हनला, “आधी मायची आन खाल्ली, आता केला असंल म्हनतोय.” आन् गाडी वळवली.

आबा चावडीवर, बाजारात, जिथं जाईल तिथं सांगायला लागला की मिस्त्री तोंडावर खोटं बोलतो. आबा सहसा कुणाला नावं ठेवीत न्हाई, म्हनून लोकांनी ते खरं धरलं. दोन ट्रॅक्टरवाले दुसऱ्या गॅरेजला जायाला लागले. पानटपरीवर पोरं मला म्हनली, “ए, मिस्त्री खोटं कसं बोलतो ते काढ बे.” आन् मी काढलं. ‘हंऽ, केला असंल मालक, काय म्हनतो मी.’ पोरं लोळली हसून. एकजण म्हनला, डिट्टो. घरी येताना ध्यानात आलं. तो माणूस मला वाचवायला जे बोलला, तेच मी टपरीवर वाटून आलतो.

सकाळी आबा वाड्यात कोकरं सोडत व्हता. म्हनलं, “आबा, तो फोन मिस्त्रीचा नव्हता. म्या केलता.”

“तू कशाला त्याची बाजू घेतो? तुझा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?”

मग मी त्याच्याकडं पाठ केली आन् घसा खाकरला. “हंऽ... मालक, मी मिस्त्री.”

 मग वळलो. आबाच्या हातात एक कोकरू तसंच व्हतं, पाय हलवीत. मला वाटलं मारंल. त्यानं कोकरू खाली ठिवलं, टोपी नीट केली आन् म्हनला, “चल.”

गॅरेजवर त्याच बाकड्यावर लोक व्हते. आबा त्यांच्यासमोर मिस्त्रीला म्हनला, “माझं चुकलं. फोन ह्या पोरानं केलता.” माझ्या बापानं आजवर कुणापुढं मान खाली घातलेली मी बघितली नव्हती. त्यापरीस तुडवलं असतं तर बरं झालं असतं. मी बी म्हनलो, “चुकलं.” ह्या बारीला माझ्याच आवाजात.

मिस्त्रीनं आबाला चहा सांगितला. मला म्हनला, “जुनी पुली आन जा. काढायची बी तूच.” मी खाली वाकून बोल्ट सोडत व्हतो तवा तो जवळ येऊन बसला. “आवळला चांगला व्हतास,” म्हनला. “मला इचारलं असतंस तर म्या न्हाई म्हनलो असतो. तेवढंच झालं असतं.”

त्यानं परत कधी मला कुणापुढं ‘ह्यांला दाव’ म्हनलं न्हाई.

मायचे डोळे पुढच्या महिन्यात दाखवून झाले. ट्रॅक्टरवाल्यातला एक परत आला, एक न्हाई. पण आबानं मिस्त्रीला फोन करायचं सोडलं ते सोडलंच. काल त्याला नुसतं एवढं इचारायचं व्हतं, की उद्या गॅरेज चालू हाय का. मी फोन पुढं केला. “लावून देऊ का, आबा?”

“नको,” म्हनला. “जाऊन येतो. तोंड बघून बोललेलं बरं.”

आन् भर उन्हात आठ किलोमीटर गेला.